सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला काय?

(पोहरादेवी येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून गुडघ्याविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु मैदान हाही शाळेचाच एक वर्ग आहे, आणि त्या वर्गात केलेल्या एका चुकीची किंमत मी आजही जिना उतरताना मोजतो.

विद्यार्थिदशेत कबड्डी खेळत असता चढाई करून परत वळलो. पाऊल मातीत रुतून राहिले आणि शरीर फिरले. गुडघ्यात खट्‌कन आवाज झाला. तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला. घरी रागावतील या भीतीने मी कोणास काही सांगितले नाही. तीन आठवड्यांत सूज उतरली, सरळ चालता येऊ लागले. मी पुन्हा मैदानात उतरलो. पहिल्याच वळणाला गुडघा निसटला आणि या वेळी आतली गादीही फाटली. पहिल्या दिवशी काय तुटले होते, हे मला फार उशिरा कळले. तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. गुडघ्याचे तसे नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. मग ती घसरत का नाहीत? आपण उभे आहोत ती भूमी बंजारा बांधवांचे श्रद्धास्थान आहे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून लदेणी घेऊन दूरदूर जात. बैलाच्या पाठीवरचे ओझे सावरावयाचे तर त्याला दोरांचा आधार हवा. गुडघ्याचे दोर म्हणजे त्याचे अस्थिबंध. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात.

हे मुख्य दोर चार. दोन बाजूंना दोन आणि सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जाणारे दोन. आतला पुढचा अस्थिबंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार या कामाचा सुमारे 85 टक्के भार तो एकटा उचलतो. मागचा अस्थिबंध तेच हाड मागे जाऊ देत नाही. तेथे त्याचा वाटा सुमारे 95 टक्के. बाजूचे दोन गुडघ्याला आत किंवा बाहेर वाकू देत नाहीत. म्हणजे प्रत्येकाचे काम वेगळे आहे. एक तुटला तर बाकीचे थोडा हातभार लावतात, पण त्याची जागा पुरती भरून काढीत नाहीत. म्हणूनच सरळ चालताना काही जाणवत नाही आणि वळताना गुडघा दगा देतो. दर वेळी तो निसटला की मधल्या गाद्या चिरडतात, आणि पुढे झिजेचा धोका वाढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अस्थिबंध नुसता दोर नाही. त्यात मज्जातंतूंची टोके असतात. गुडघा कोणत्या स्थितीत आहे याची खबर ती मेंदूला देतात. दोर तुटला की ही खबरही मंदावते.

बाजूचा आतला अस्थिबंध बहुधा विश्रांती व पट्ट्याने जुळून येतो. सांध्याच्या आतील पुढच्या अस्थिबंधाचा तसा भरवसा धरता येत नाही. काहींचा जुळतो, अनेकांचा जुळत नाही.

मग शस्त्रक्रिया हाच एक उपाय काय? तसेही नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना आधी व्यायाम देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करावयाची असे ठरविले. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंनी दोराचे बरेच काम अंगावर घेतले. मात्र ज्यांना वळणाचे खेळ पुन्हा खेळावयाचे आहेत किंवा ज्यांचा गुडघा वारंवार निसटतो, त्यांना शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा आपला अविनाश साबळे पाहा. अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने 2023 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला. पुढचा अस्थिबंध व गादी दुखावली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. एवढा मोठा धावपटू थांबतो, तर आपल्या मुलाने शाळेच्या सामन्यासाठी घाई का करावी? शस्त्रक्रियेत बसविलेला नवा दोर पहिले काही महिने कच्चा असतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच अधिक, असे दिसून आले आहे.

पालकांना माझे सांगणे थोडके आहे. गुडघा काही तासांत सुजला तर आत रक्त साचले असे समजावे. चोळू नये, ओढू नये. बर्फ, पट्टी, विश्रांती आणि अस्थिरोगतज्ज्ञांची तपासणी, हा क्रम ठेवावा. दुखापतीनंतर नमाजात गुडघे दुमडून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसावे. दुमडणे व्यायामाने हळूहळू परत येते. सूज उतरल्यावर खरे काम सुरू होते: मांडीचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे, नीट उडी घेणे व गुडघे वाकवून उतरणे.

मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते. त्यावर उपाय मुलींचा खेळ बंद करणे हा नव्हे. खेळापूर्वी नियमित केलेल्या अशाच व्यायामांनी हा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो. शाळेने रोज पंधरा मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत, ही विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, मी रागाच्या भीतीने गप्प बसलो. तुम्ही बसू नका. आणि पालकहो, मूल लंगडत घरी आले तर आधी त्याला बसवा, गुडघा पाहा. रागवावयाचे ते मागाहून रागवा.