अहवाल कुणाच्या हातात पडतो?



अभियांत्रिकी अध्यापकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत.  दीपप्रज्वलन झालं, पुष्पगुच्छ झाले, आता कामाचं बोलते.

अध्यक्षानं विषयाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. मी शिकत होते तेव्हा आपल्या पर्यावरण अभियांत्रिकी या विषयाला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणत. त्याच नावाची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात १९५८ साली निघाली, १९७४ मध्ये तिची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, झाली. त्याच वर्षी जलप्रदूषणाचा कायदा आला, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा. नळ आणि गटार एवढ्यापुरता असलेला विषय हवा, घनकचरा, आवाज, आघात मूल्यांकन असा पसरत गेला. मोजण्यात आपण तरबेज झालो. मेंब्रेन, सेन्सर, ऑनलाइन मॉनिटरिंग यांवर उद्या निबंध आहेतच, तेव्हा आढावा इथेच थांबवते. कार्यक्रमपत्रिकेवर जे कुठेच नाही, त्याबद्दल मला बोलायचं आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षं अशा माइकची वाट पाहिली आहे.

आपण मोजलेलं लिहायला आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

‘शिकवतो की,’ असं तिसऱ्या रांगेतून आत्ताच कुणीतरी पुटपुटलं. हो, पहिल्या वर्षाला कम्युनिकेशन स्किल्स आहे. लँग्वेज लॅबमध्ये मुलं कानाला हेडफोन लावून बसतात. नोकरीचा अर्ज, रेझ्युमे, ग्रुप डिस्कशन, ईमेल; पेपर दिला की विषय संपला. एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग येतं दोन-तीन वर्षांनी. तिथे मुलं जर्नल लिहितात, म्हणजे सीनियरचं उतरवतात. एम, अॅपरेटस, थिअरी, प्रोसिजर, रिझल्ट आणि शेवटी कन्क्लूजन. कन्क्लूजनमध्ये काय असतं? ‘दिलेल्या नमुन्याची कठीणता अमुक आढळली.’ तेच वर रिझल्टमध्ये लिहिलेलं असतं. आपण खाली लाल सही करतो. भाषेकडे बघत नाही, ते इंग्लिशवाले बघतील. इंग्लिशवाल्यांना वाटतं, मजकूर सिव्हिलवाले बघतील. दोन विभागांच्या मधल्या जिन्यावर ते मूल उभं आहे आणि आपण दोघंही आपापलं दार लावून बसलोय.

आज सकाळी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम इंग्रजीत असावा की मराठीत यावर तासभर खडाजंगी झाली. दोन्ही बाजूंचं मी नीट ऐकलं. मला त्यावर एका विहिरीची गोष्ट सांगायची आहे.

उसाच्या पट्ट्यातलं गाव. सार्वजनिक विहीर, तिच्या तिन्ही बाजूंना युरियावर पोसलेलं शेत. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त. भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी तिच्यात सूट नाही. अहवाल काटेकोर होता: रकाने, एककं, चाचणीची पद्धत, सही, शिक्का. सगळ्यात खाली एक ओळ, पाणी पिण्यास अयोग्य. ग्रामसेवक पदवीधर, इंग्रजी व्यवस्थित वाचणारा. त्यानं त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाकलं, ‘पाणी उकळून प्यावे’. जलसुरक्षकाला पाण्यातली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वाढवायला सांगितली. आम्ही गेलो तेव्हा एक बाई तान्ह्या नातवाच्या बाटलीत दुधाची पावडर कालवत होत्या. मला कौतुकानं म्हणाल्या, “ताई, वीस मिनिटं खळखळून उकळवते बघा.”

इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की उकळल्यानं पाणी उडून जातं आणि नायट्रेट भांड्यात राहतं. जितकं जास्त उकळाल तितकं ते दाट होत जाणार. टीसीएलनंही ते हटत नाही. आणि सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच कमी होते. ही माहिती अहवाल लिहिणाऱ्याकडे नक्की होती. ‘उकळू नका, बाटलीच्या दुधाला हे पाणी वापरू नका, पलीकडच्या वाडीतल्या बोअरचं आणा’, एवढ्या तीन वाक्यांना त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

ग्रामसेवकाला इंग्रजी येत होतं, तरी हे झालं. माध्यमाचा वाद इथेच अर्धा मिटतो. उरलेला अर्धा फ्लिंटवर मिटतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हे शहर. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला, नदीचं पाणी घेतलं, नळ गंजू नयेत म्हणून लागणारं रसायन घातलं नाही आणि जुन्या जोडण्यांतलं शिसं पाण्यात उतरलं. लोक बाटल्या भरभरून पिवळं पाणी सभांना आणत होते. अधिकारी सांगत होते, पाणी प्रमाणात आहे. बोलणारे आणि ऐकणारे, दोघांचीही मातृभाषा बहुतेक इंग्रजीच! व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स हे आपल्याच विषयाचे प्राध्यापक. फ्लिंटच्या घराघरांतले नमुने त्यांच्या गटानं तपासले. त्याच्याही आधी, वॉशिंग्टन शहराच्या पाण्यातल्या शिशाच्या प्रकरणानंतर, त्यांनी आणि त्यांच्या सहकारी यान्ना लॅम्ब्रिनिडू यांनी अभियंत्यांसाठी एक अभ्यासक्रम बांधला. त्याचा गाभा काय, तर लोकांचं ऐकायला शिकणं. आपल्याकडे अशा विषयाला क्रेडिट मागितलं तर काय होतं ते मी पाहिलंय. अभ्यासमंडळात मी हा मुद्दा मांडला की चहा यायचा. मग कुणीतरी म्हणायचं, “मॅडम, कल्पना उत्तम आहे, पण क्रेडिट कुठून आणायचे?” आणि पुढचा विषय पुकारला जायचा.

मोजलेलं लिहायला शिकवणं जमतं की नाही, असं विचारणाऱ्यांना सांगते. आमच्याकडे तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकदा सहज प्रयोगशाळेत आल्या. जार टेस्ट चालू होती. सहा चंचुपात्रांत गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा, आधी जोरात ढवळणं, मग सावकाश, मग अर्धा तास निवळू देणं. बाईंनी विचारलं, “हे कशासाठी?” मुलं म्हणाली, “ऑप्टिमम डोस काढायला.” “तो कुणाला हवा असतो?” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी त्यांना सांगितलं, जलशुद्धीकरण केंद्रावरच्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला चिठ्ठी लिहा, उद्या पहाटे त्यानं काय करायचं.

मुलांनी ऐटीत लिहिलं, लिटरला ३० मिलिग्रॅम. बाई म्हणाल्या, “तो लिटर मोजतो का?” तेव्हा कुठे मुलं हिशेबाला बसली. केंद्र दिवसाला एक कोटी लिटरचं. म्हणजे ३०० किलो तुरटी. म्हणजे ५० किलोची सहा पोती, चोवीस तासांत, दर चार तासांना एक. रात्री वर पाऊस झाला आणि गढूळपणा वाढला तर? मग परत चाचणी, आणि ती होईपर्यंत काय? चिठ्ठी लिहिता लिहिता मुलांना कळलं की आपल्याला उत्तर माहीत नाही. वर्षभर मी फळ्यावर शिकवलेलं त्या दुपारी त्यांच्या डोक्यात उतरताना मी पाहिलं. चिठ्ठी त्यांनी आधी इंग्रजीत लिहिली, मग मराठीत, आणि मराठी लिहिताना इंग्रजीतली दोन वाक्यं खोडली, कारण त्या वाक्यांना काही अर्थच नव्हता.

पुढच्या वर्षी तासिकांचं गणित बसलं नाही आणि बाईंना बोलावलं गेलं नाही. एवढंच.

त्याच वर्गातला नसला, तरी आमचाच एक हुशार मुलगा मला नंतर कोकणातल्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीत दिसला. सल्लागार कंपनीकडून आला होता. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनं अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही सक्तीचा केला आहे, सभेचं इतिवृत्त शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून समजावायला सांगितलं आहे. वाचणाऱ्याचा विचार कायदा करतो. आपला अभ्यासक्रम करत नाही. मराठी सारांश टेबलावर होता. तो लिहिणाऱ्यालाही पुन्हा वाचवला नसता. एक म्हातारे मच्छीमार उठले आणि म्हणाले, “पानी खाडीत भरतीला सोडनार का व्हकटीला?” अत्यंत नेमका प्रश्न. ओहोटीला सोडलं तर ते समुद्राकडे जाईल, भरतीला सोडलं तर खाडीत आत शिरेल. मुलाच्या मॉडेलमध्ये याचं उत्तर होतं, परिशिष्टात आलेखही होता. तो म्हणाला, “सगळे पॅरामीटर लिमिटमध्ये आहेत,” आणि पुढची स्लाइड लावली. मंडपात जो गलका झाला तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की लोक विकासाला विरोध करतात.

आता चॅटजीपीटी लिहून देईल, असं दुपारच्या सत्रात ऐकलं. देईल की! ग्रामसेवकाच्या फळ्यावरचं वाक्यही ते सुवाच्य लिहून देईल. आधी कुणाला, काय आणि कधी सांगायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारा माणूस आपण घडवायचा असतो.

तर माझी मागणी. पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या शेवटी एक पान. ते एका विशिष्ट माणसाला लिहिलेलं: ग्रामसेवकाला, ऑपरेटरला, सोसायटीच्या सेक्रेटरीला. इंग्रजीत आणि मराठीत. तपासायला दोन विभागांचे दोन अध्यापक, दोघांच्या सह्या. टर्मवर्कमधले काही गुण त्याला. किती, ते समिती ठरवेल. समितीत कोण, ते कार्यकारिणी बघेल. नमुन्याच्या पानांचा एक संग्रहही काढायचा आहे, त्याचं काम कधी सुरू होईल ते आज सांगत नाही.

ठराव मी लिहून आणला आहे आणि समारोपाच्या सत्रात मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो अवश्य करावा. फक्त एका पानात, आणि ते पान कुणासाठी आहे ते वर लिहून.