घरच्या संगणकाची राखण



या व्याख्यानमालेला मी पुष्कळदा आलो आहे, पण तो मागच्या खुर्च्यांवर बसण्यासाठी. व्यासपीठावर चढण्याचा प्रसंग आज पहिलाच. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यात फिटरच्या हाताखाली, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात. संगणक तर चाळिशीनंतर शिकलो, तोही दोन बोटांनी. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी एकच उत्तर आहे. मी त्यात एकदा पुरता फसलो आहे, आणि फसलो तो एकटा नव्हे. माझ्यावर विश्वास टाकणारी माणसे बरोबर घेऊन फसलो.

ती हकीगत आधी सांगतो. बंद पडलेल्या एका कारखान्यातील ४३ कामगारांचे ग्रॅच्युइटीचे दावे आमच्या युनियनकडे होते. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीची कार्डे, ज्याच्या ट्रंकेत जे सापडले ते त्याने आणून दिले. आम्ही त्यांच्या प्रती काढून संगणकात ठेवल्या आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत केले. कागदाला वाळवी आहे, पाऊस आहे; संगणकात गेले ते सुखरूप राहिले, अशी माझी ठाम समजूत. संगणक जुन्या बाजारातून घेतलेला. त्यात विंडोज होती ती विनापरवाना. देणारा म्हणाला, "साहेब, अपडेट मी बंद करून दिले आहेत. चालू करू नका, नाहीतर प्रत पकडली जाईल." मला यात मोठी हुशारी वाटली. युनियनचे चार पैसे वाचले होते ना!

एका शनिवारी आमच्या एका कार्यकर्त्याने ई-मेलबरोबर आलेले कसलेसे बिल उघडले. सोमवारी सकाळी पाहतो तो प्रत्येक फाइलच्या नावाला भलतेच शेपूट लागलेले, एकही उघडेना, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची नोटीस! आमची दुसरी प्रत होती, नव्हती असे नाही. पण ती ज्या डिस्कवर होती ती डिस्क बारा महिने त्याच संगणकाला जोडलेली. तिलाही कुलूप लागले. पैसे आम्ही दिले नाहीत. द्यायला होतेही कुठे? चार महिने मी आणि आणखी दोघे घरोघर फिरलो. बहुतेकांचे कागद पुन्हा मिळाले. परंतु एक कामगार मधल्या काळात वारला होता, त्याच्या बायकोने घर बदलले होते, आणि त्या बदलाबदलीत पत्रे गेली. एकवीस वर्षांच्या नोकरीपैकी नऊ वर्षांचाच पुरावा उभा राहिला. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

तेव्हा आज मी बोलणार आहे ते यंत्राच्या कौतुकाबद्दल नव्हे, निगेबद्दल.

संगणकाच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टीम असते ती म्हणजे काय? माझे वडील गिरणीत साच्यांवर होते. त्यांच्या खात्यात जॉबर नावाचा इसम असे. कोणत्या साच्यावर कोण, आत कोणाला घ्यायचे, बाहेर कोणाला बसवायचे, हे सारे त्याच्या हातात. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे हा जॉबर. आपण पत्र लिहितो, बँकेचे काम करतो, नातवंडांची छायाचित्रे पाहतो. त्या प्रत्येक कामाला जागा, वेळ आणि परवानगी देणारी तीच. जॉबरच जर बाहेरच्या माणसाला सामील झाला तर खात्यातल्या प्रामाणिक कामगाराने काय करावे? म्हणून राखण करायची ती प्रथम त्याची.

आता आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते : "चाललेय ना, मग हात कशाला लावायचा?" फिटरच्या कामात असे बोलणाऱ्याला आम्ही खात्याबाहेर काढीत असू. बेअरिंग आवाज करीत नाही म्हणून त्याला वंगण नको असे होत नाही. पण संगणकाची गोष्ट याहून कठीण आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. बेअरिंग झिजते ते आपल्या चालीने. संगणकातली फट मात्र कोणीतरी शोधीत असतो. शिवाय कंपनी दुरुस्ती प्रसिद्ध करते त्याच क्षणी फट कुठे होती हेही जगजाहीर होते. दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून जाणकार माणूस ती जागा काढू शकतो. म्हणजे दुरुस्ती आली आणि आपण ती लावली नाही, तर आपण पूर्वीइतकेच असुरक्षित राहत नाही. पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतो.

याचे जगाने पाहिलेले उदाहरण २०१७ सालचे. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका फटीची दुरुस्ती दिली. एप्रिलमध्ये त्याच फटीतून शिरण्याचे, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे म्हणून ओळखले जाणारे, हत्यार चोरट्यांनी चव्हाट्यावर मांडले. आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर साथ सुटली. दीडशेच्या आसपास देशांत, दोन लाखांहून अधिक संगणकांना तिने कुलूप लावले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे एक तृतीयांश ट्रस्टांचे काम विस्कळित झाले. रुग्णांच्या ठरलेल्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याचे तेथील नोंदींतच आढळले. दुरुस्ती येऊन किती दिवस झाले होते? एकोणसाठ. औषध कपाटात होते आणि रोगी तापाने तळमळत होता!

आमच्या कचेरीत तर ते कपाटच खिळे ठोकून बंद केलेले होते. विनापरवाना प्रतीचा खरा खर्च हा आहे. फुकट मिळाली असे आपण म्हणतो, पण तिच्यात आधीच कोणी काय घालून ठेवले हे आपल्याला ठाऊक नसते, आणि पुढे येणारी दुरुस्तीही आपणच नाकारून बसतो. हे मी कंपनीचा कैवार घेऊन बोलत नाही. कंपन्यांचा कैवार घेण्याची मला सवय नाही, हे या गावाला सांगायला नको.

यावर एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. अपडेटमधूनच रोग आला तर? तसेही झाले आहे. त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा उत्पात झाला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, आणि त्याचा फटका आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोहोचला. मर्स्क समूहाकडे असलेल्या तेथील टर्मिनलचे काम खोळंबले. पण तो पुढे पसरला कसा? एक तर दुरुस्ती न केलेल्या त्याच जुन्या फटीतून. आणि दुसरे, एका यंत्रात सापडलेला अधिकाऱ्याचा पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रांत घुसत. म्हणजे दाराशी अपघात झाला हे खरे, पण घरभर आग पसरली ती आतली दारे सताड उघडी होती म्हणून. हजारात एक अपडेट खोटे निघते म्हणून नऊशे नव्याण्णव नाकारायचे, हा हिशेब मला पटत नाही.

त्या मर्स्कचीच पुढची गोष्ट ऐका. तिच्या जगभरच्या जाळ्यातील कोण वापरकर्ता, कोणाला काय अधिकार, याची नोंद ठेवणारी मुख्य यंत्रे सगळी पुसली गेली. वाचले ते एकच, घाना देशातले, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! एवढ्या धनाढ्य कंपनीला वाचवले ते लोडशेडिंगने. यातून मी माझ्यापुरता धडा घेतला तो असा की, जोडलेली प्रत ही प्रतच नव्हे. आता आमच्या कचेरीत दोन डिस्का आहेत. दर शुक्रवारी एक जोडतो, प्रत काढतो आणि लगेच तोडून कपाटात ठेवतो. दुसरी खजिनदाराच्या घरी असते आणि महिन्याने अदलाबदल होते. आणि दर तीन महिन्यांनी एखादी जुनी फाइल त्या डिस्कवरून उघडून पाहतो. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न वठलेला चेक.

आतल्या दारांविषयी सांगायचे तर बहुतेक घरांत संगणकाचे एकच खाते असते, आणि ते ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्वाधिकारी. नातू त्यावरच खेळ उतरवून घेतो आणि आजोबा त्यावरच पेन्शन पाहतात. हे बंद करा. सर्वाधिकारी खाते वेगळे ठेवा, त्याला चांगला लांब पासवर्ड द्या, आणि रोजच्या वापरासाठी साधे खाते उघडा. मग एखादा भामटा प्रोग्राम आत आलाच तर संगणकाच्या मूळ व्यवस्थेत बदल करण्याआधी बहुधा पासवर्ड मागितला जाईल आणि तिथे तुम्ही क्षणभर थबकाल. दहा मिनिटांचे काम आहे, आणि पैसा एकही लागत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी आधीच असतो. त्याच्यावर आणखी दोन बसवाल तर ते आपसात भांडतील. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. यूपीएस नसेल तर ज्या वेळी वीज हमखास असते ती वेळ गाठा. अपडेट झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करायला तो सांगतो, तेव्हा 'नंतर, नंतर' करीत पंधरवडा घालवू नका. न लागणारे प्रोग्राम काढून टाका. पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" असे आले तर तो क्रमांक चोराचा समजा. पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे वेळेला किंमत आहे. बँकांचे पासवर्ड मात्र पडद्याला चिठ्ठी लावून ठेवू नका. हसू नका, मी ते आपल्याच गावात एका प्रतिष्ठित पेढीवर पाहिले आहे.

शेवटचा मुद्दा जुन्या यंत्रांचा, आणि इथे माझ्यातला युनियनवाला गप्प बसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ ठेवण्यात आली, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारा संगणक केवळ नियमाने म्हातारा ठरला! सक्तीच्या निवृत्तीची ही रीत मला कामगारांच्या बाबतीत पटली नाही आणि यंत्राच्या बाबतीतही पटत नाही. परंतु रागापायी दुरुस्ती थांबलेला संगणक इंटरनेटवर चालवीत बसणे हा काही निषेधाचा मार्ग नव्हे. त्याला लिनक्स घाला. लिनस टॉरवल्ड्स नावाच्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा लिहायला घेतला आणि जगभरच्या माणसांनी मिळून जे वाढवले, ते हे काम. उबुंटू किंवा मिंट या नावाने ते फुकट मिळते, कायदेशीर मिळते, आणि त्याच्या दुरुस्त्याही फुकट येतात. मराठी टंकलेखन त्यात होते. पहिले आठ दिवस चाचपडल्यासारखे होईल. मलाही झाले. आज आमच्या कचेरीतील तो जुन्या बाजारातला संगणक त्यावरच चालतो आहे, आणि उरलेल्या दाव्यांचे कागद त्याच्यातच आहेत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. ज्यांना वेगळे खाते उघडणे किंवा लिनक्स घालणे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी उद्या संध्याकाळी सहानंतर युनियनच्या कचेरीत यावे. चहा आमचा. पेनड्राइव्ह मात्र कृपा करून कोणी आणू नये.