परदेशांतील शेवटचा दिवस



परदेशीं गेलेल्या कुटुंबाचा शेवटचा दिवस मोठ्या ओढाताणीचा असतो. पाहावयाचें राहिलेलें, घ्यावयाचें राहिलेलें आणि निघण्याची घटका, हीं तिन्ही एकदमच समोर उभीं राहतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका कुटुंबाचा मॉरिशस बेटांतील असाच एक दिवस आज ऐकावा.

कुटुंबांत आईबाप, दोन मुलें आणि पंचाहत्तरी गांठलेल्या आजीबाई. विमान रात्रींचें. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाकडे, तर राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर. म्हणून दुपारीं तीनच्या आंत शहर सोडणें प्राप्त होतें. आजीबाईंचें मागणें पहिल्या दिवसापासून एकच होतें: आप्रवासी घाट पाहावयाचा. त्यांच्या सासरचा एक पुरुष चारपांच पिढ्यांपूर्वी या बेटाकडे आला, तो परतला नाहीं. घरांत त्याचें नांवही उरलें नव्हतें. दर सर्वपित्री अमावास्येस ‘बेटावर गेलेला’ एवढें म्हणून त्याच्यासाठीं एक पान वाढीत. परंतु शामारेलचा धबधबा, गंगातलाव आणि समुद्रकिनारे पाहण्यांत सहलीचे दिवस सरले आणि घाट मागें पडला.

सकाळीं मंडळी मध्यवर्ती बाजारांत शिरली. खालीं भाजीपाला व फळें; वर टोपल्या, व्हॅनिलाच्या शेंगा आणि लांकडी डोडो पक्षी. डोडो हा केवळ याच बेटावरचा, उडतां न येणारा पक्षी. सतराव्या शतकांत तो नामशेष झाला. आतां तो खेळण्यांत उरला आहे. मुलांनीं त्याच्यासाठीं हट्ट धरला, आई एका टोपलीच्या भावांत गुंतली, वडील डाळपुरी घेण्यास गेले. ही डाळपुरी दिसावयास पुरणपोळीसारखी, परंतु तिखट रश्शाबरोबर खावयाची. घड्याळांत बारा वाजून गेले.

आजीबाई थकून एका भाजीवालीपाशीं बसल्या आणि संवयीनें मराठींतच विचारतां झाल्या, “ही कसली गो भाजी?”

बाईनें चमकून वर पाहिलें. “तुमी मराठी? आमी पण मराठी.”

तिच्या घरीं क्रिओल बोलत. मराठी ती शाळेंत थोडी शिकली होती, आणि गणेशचतुर्थीला म्हणावयाचीं झाकरीचीं गाणीं आजीकडून आलीं होतीं. आजीबाईंनीं तिला गांव विचारलें. तिनें बेटावरच्या खेड्याचें नांव सांगितलें.

“त्याच्या आधींचें?”

“तें कोणाला ठाऊक?” ती म्हणाली. मूळ पुरुषाचें पहिलें नांव तेवढें तिच्या घराण्याचें आडनांव होऊन राहिलें होतें. येथील पुष्कळ घराण्यांत असेंच झालें आहे.

आजीबाई गप्प झाल्या. त्यांच्या घरीं गांव होतें, नांव नव्हतें. हिच्यापाशीं नांव होतें, गांव नव्हतें. “घाट पांच मिनिटांवर आहे,” बाईनें सांगितलें. टोपलीचा सौदा तसाच टाकून सारीं उठलीं.

बंदराच्या कांठीं ती जागा आहे. गुलामगिरी उठल्यावर उंसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारें पांच लाख माणसें करारावर हिंदुस्थानांतून या बेटावर आणलीं गेलीं. त्यांत मुंबईहून निघालेले कोंकणीं शेतकरीही होते. येथें उतरल्यावर त्यांची नोंद होऊन मळ्यांवर रवानगी होई. 2006 मध्यें या स्थळाचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. मूळच्या इमारतींचा थोडाच भाग उरला आहे. नातवानें दगडी पायऱ्या मोजल्या, सोळा भरल्या. आजीबाईंनीं त्यांना हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला.

तेथें त्यांना कळलें कीं मजुरांच्या नोंदी महात्मा गांधी संस्थेंत जपल्या असून पुष्कळ नोंदींत नांवाबरोबर गांवही लिहिलें आहे. मोटार उभी होती. तरी आजीबाई मुलाचा हात धरून बाजारांत परतल्या. “नोंद काढून घे, बाई. तुझें गांव सांपडलें कीं कळव,” असें सांगून त्यांनीं आपला पत्ता तिच्या हातीं दिला. तिनें त्यांच्या पिशवींत कोथिंबिरीची जुडी घातली आणि पैसे घेतले नाहींत.

टोपली राहिली, डोडो राहिला. बाजारांत जिनसेचा भाव सारेच विचारतात; विकणाराचें गांव विचारण्याइतकी सवड मात्र शेवटच्या दिवसांतही ठेवावी.