विद्युद्घटाचें आयुष्य

खराडींत आमची वीज गेली म्हणजे पत्नीचें प्राणवायूचें यंत्र इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालतें. गेल्या वैशाखांत तें अर्ध्या तासांतच थांबलें. दोष माझा होता. बॅटरींतील पाणी उणें झालें म्हणून मीं विंधणविहिरीचें पाणी ओतलें होतें. त्यांतील क्षारांनीं शिशाच्या पट्ट्या बिघडतात. तेथें ऊर्ध्वपातित पाणीच हवें, तेंही बॅटरी पूर्ण भरल्यावर, खुणेपर्यंत. आम्ल घालूं नये. उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे.

फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते ह्यांनीं १८५९ सालीं हा शिशाचा घट सिद्ध केला. वीज खर्च होतांना पट्ट्यांवर शिशाचें गंधकित सांचतें. घट रिता पडून राहिला कीं त्याचे स्फटिक कठीण होतात, आणि मग ते विरघळत नाहींत. म्हणून वीज परततांच बॅटरी भरूं द्यावी; परगांवीं जातांना मुख्य बटण बंद करण्याची आम्हां काटकसरी लोकांची संवय येथें महागांत पडते.

उष्णता हा दुसरा शत्रु. सुमारें १० अंश सेल्सिअस वाढले कीं आयुष्य निम्में होतें, आणि माझी बॅटरी पत्र्याच्या छपराखालीं होती! आतां नवी बॅटरी जिन्याखालीं, वारा खेळेल अशा जागीं आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी पाण्याची खूण पाहतों. त्या वेळीं पत्नी बाटलींत काय आणलें तें विचारल्याशिवाय राहत नाहीं.