डोळे लाल, पण चिपडं नाहीत



लेकराचे डोळे लाल झाले की आपण म्हणतो, "डोळे आलेत," आणि मेडिकलमधून थेंब आणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एक फरक लक्षात ठेवा.

दोन्ही डोळे लाल आहेत, पण चिपडं येत नाहीत, सकाळी पापण्या चिकटत नाहीत आणि पाच दिवस झाले तरी ताप हटत नाही, तर तो कावासाकी आजार असू शकतो. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली त्याची माहिती छापली, म्हणून हे नाव.

यात रक्तवाहिन्यांना सूज येते. जास्त करून पाच वर्षांच्या आतली मुलं आजारी पडतात. ओठ फुटतात, जीभ लालभडक होते, पुरळ उठतं, हातपाय सुजतात, मानेत गाठ येते. सगळं एकदम दिसेलच असं नाही.

डोळ्यांची लाली बहुधा आपोआप जाते. खरा धोका हृदयाला! उपचार न मिळालेल्या चार मुलांतल्या साधारण एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात. ताप आल्यापासून १० दिवसांच्या आत शिरेतून औषध मिळालं, तर हा धोका खूप कमी होतो.

म्हणून ताप कधी चढला ती तारीख लिहून ठेवा. लाली गेली असली तरी डॉक्टरांना सांगा. बालरोगतज्ज्ञांना विचारा, "हृदयाची इको तपासणी लागेल का?"

औषध महाग असतं. पैशापायी घरी थांबू नका, गटात बोला. आपली बचत अशाच वेळेसाठी आहे.