फातिमाबाईंची नोंद



सावित्रीबाई फुले यांचे नाव आपल्या आदिलाबादच्या मराठी घरांतही आदराने घेतले जाते. १८४८ साली पुण्यात त्या मुलींना शिकवू लागल्या. पुढे प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

१८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारपणामुळे माहेरी, नायगावी होत्या. तेथून जोतीरावांना पत्र लिहिताना त्यांना काळजी लागली होती ती सहकारी फातिमा शेख यांची. आपल्यावाचून फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे.

फातिमाबाईंविषयी लेखी पुरावा फार थोडा. परंतु आम्हा शिक्षकांना एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. एकीने अंथरूण धरले तरी दुसरी भार उचलील, हा भरवसा तेथे होता.

देणगीदारांची नावे शिलेवर कोरली जातात, ते योग्यच आहे. पण रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग सांभाळणारा, शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी चारदा जाणारा, यांची नोंद कोठे होते? या महोत्सवी वर्षात विश्वस्तांनी अशांसाठी एक वही घालावी, ही आमची नम्र विनंती. आपली माणसे पुढील पिढीला केवळ एखाद्या पत्रातून कळावीत, असे होऊ नये.