दाताचा फोटो दुसऱ्यांदा कशाला?



आपल्या माणदेशात, म्हसवड असो, दहिवडी असो की आटपाडी, दाढ ठणकायला लागली की माणूस आधी लवंग दाबून धरतो, मिसरी लावतो आणि झोपच उडाली म्हणजे दवाखाना गाठतो. तोवर कीड मुळापर्यंत गेलेली असते. किती खोल, ते दाताच्या फोटोशिवाय, म्हणजे एक्स-रेशिवाय नीट कळत नाही.

१८९६ साली जर्मनीत ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा २५ मिनिटे लागली होती. आता सेकंदाचा अंश पुरतो. तोंडात छोटा सेन्सर ठेवतात आणि चित्र संगणकावर येते. काही नव्या सेन्सरना संगणकापर्यंत वायरही लागत नाही. पेशंटला हे सोयीचे आहेच, पण डॉक्टरांचे काम मात्र त्याने वाढते.

किरण सोडणारे यंत्र वेगळे आणि ते टिपणारा सेन्सर वेगळा. बहुतेक ठिकाणी बटण दाबले की यंत्र किरण सोडतेच. सेन्सर तयार आहे का, हे त्याला कळत नाही. बिनवायरचा सेन्सर तर बॅटरीवर चालतो, ती वाचवायला मधेच झोपी जातो. लाइट गेली, संगणक बंद पडला, की जोडणी तुटते. अशा वेळी बटण दाबले, तर किरण अंगावर येतात आणि चित्र मिळत नाही; मग फोटो दुसऱ्यांदा काढावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअर बॅटरी किती उरली, जोडणी आहे का, सेन्सर तयार आहे का, हे पडद्यावर दाखवते. ते पाहिल्याशिवाय बटणाला हात लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. जोडणी तुटली तरी काही सेन्सर चित्र स्वतःजवळ राखून ठेवतात. जोडणी पुन्हा जुळली की ते मिळते. फोटो काळपट किंवा फिका आला, तर बऱ्याचदा तो सॉफ्टवेअरमध्येच सुधारता येतो.

घाबरू मात्र नका. निसर्गातून दिवसभरात जेवढे किरण अंगावर येतात, साधारण तेवढेच अशा एका फोटोत असतात. दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे, हेही ठाऊक असू द्या.

बायांनो, दिवस गेलेले असतील तर फोटोआधी सांगा. आणि डॉक्टर दुसऱ्यांदा फोटो काढायला निघाले, तर संकोच न करता विचारा: पहिला का आला नाही?